बाहेरचा खडा

१

सन २०२५. पौष महिना, थंडीचे दिवस. जानेवारीची आठ तारीख, वार बुधवार. संक्रांत सहा दिवसांवर आली होती.

मी तात्याबा. शाळा दुसरीपर्यंत. पण तारीख आणि मोजणी मी चुकत नाही. चाळीस वर्षं सोलापुरात मोटारी भरल्या. उजनीच्या काठच्या गावांतून पाण्याच्या जळालेल्या मोटारी टेम्पोत घालून यायच्या. जळकी तांब्याची तार काढायची, नवी घालायची. किती वेढे द्यायचे ते मी कधी लिहून ठेवलं नाही. बोटाला कळायचं. माझी भरलेली मोटार कुणी परत आणली नाही.

आता गुडघे गेले. दुकान बंद केलं. उरलेली तार घराच्या पुढच्या खोलीत रिळांवर पडून होती. ती माझ्या नातीनं, सुकन्यानं, संपवायला घेतली.

सुकन्या अकरावीला. तिचा उद्योग असा. गुळगुळीत दगड घ्यायचा, त्याला तांब्याच्या तारेचे वेढे द्यायचे, वर कडी काढायची, कडीत दोरा ओवायचा. झाला गळ्यातला दागिना. मी म्हणालो होतो, दगड गळ्यात बांधायला पैसे कोण देतं? लोक देत होते. पुण्याच्या बायका फोनवरून मागवत होत्या. दगडही ती फोनवरूनच मागवायची. दगड विकत घेतात हे मला या वयात कळलं.

त्या दिवशी ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली.

"आबा, गोजामावशी गड्ड्यावर तिच्या स्टॉलचा एक कोपरा देतीय मला. शुक्रवारपासनं."

गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर भरते. गोजाबाई आमच्याच बोळात राहते. तिचा बांगड्यांचा स्टॉल जत्रेत वीस वर्षं लागतो. ती कुणाला खुर्चीवर टेकू देत नाही, तर कोपरा दिला म्हणजे नवल होतं.

"मग बस की."

"दगड संपलेत. मागवलं तर येईस्तोवर जत्रा उठंल."

"सोलापुरात दगडाचा तुटवडा?"

"तसलं न्हाय ओ. चांगलं. रंगाचं, घासल्यालं." तिनं एक रीळ हातात घेतलं. "पप्पा म्हणालेत, गड्ड्यात चाललं तर पुढं करू दे. न्हायतर तार भंगारात आन् मी क्लासला."

पप्पा म्हणजे माझा मुलगा अजिनाथ. कमी बोलतो, आणि बोलला की बदलत नाही. माझ्यावर गेला आहे.

मी उठलो. ट्रंक उघडली. तळाला काळ्या लोकरीची पिशवी होती. ती तिच्यापुढं ओतली.

सुकन्यानं तोंडावर हात ठेवला फक्त.

खडे बेचाळीस. लाल, मधाच्या रंगाचे, हिरवट, काहींत ढगासारखं पांढरं. हाताळून हाताळून काचेसारखे झालेले.

"आबा, हे कुटं हुतं इतकी वर्षं?"

"तुज्या पणज्याचं हाय. मेंढरं मोजायचा."

२

माझा बाप बिरुदेव. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखायचा. त्याला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. त्याचं त्याला काही अडलं नाही.

जितकी मेंढरं तितके खडे. संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी तो बसायचा. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. सगळे खडे डाव्या हाताला, बाहेर, टोकदार रास घालून. एक मेंढरू आत गेलं की एक खडा उचलून आत टाकायचा. मेंढरं संपली आणि खडेही संपले, म्हणजे भाकरी खायला मोकळे. बाहेर खडा उरला तर कुणीतरी काठी घेऊन निघायचं. खडा आत पडल्याशिवाय चूल पेटायची नाही.

कुठला खडा कुठल्या मेंढराचा, हेही त्याला ठाऊक असायचं. मेंढरू विकलं की त्याचा खडा घेणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. शेवटी म्हातारपणी त्यानं सगळा कळप एका व्यापाऱ्याला दिला. व्यापारी मेंढरं घेऊन गेला. खडे घेतले नाहीत. दगडाचं काय करू, म्हणाला.

सुकन्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे हे ॲपच हुतं की."

"ते काय मला म्हाईत न्हाय. पण चार्जिंग लागत नव्हतं."

बेचाळिसावा खडा बाकीच्यांत नव्हता. पिशवीच्या कोपऱ्याला गाठ होती, त्या गाठीत होता. सुकन्यानं दातानं गाठ सोडली. काळाभोर खडा निघाला. त्याच्या भोवती पांढरं कडं, कुणी रंगानं काढावं तसं.

"आबा, ह्यो सगळ्यात भारी हाय."

तिला थांबवावं असं मला वाटलं. थांबवलं नाही. दगड आहे, असं मनाशी म्हणालो.

३

दोन दिवस पुढच्या खोलीत कारखाना चालला. मी तार सरळ करून तुकडे पाडायचो. ती वेढे द्यायची. मी एकेक हातात घेऊन बघायचो.

"सैल हाय."

"आबा, ही मोटार न्हाय. पाण्यात सोडायची न्हाय."

"माणसाच्या गळ्यात सोडायची हाय. मोटार परवडली."

स्वयंपाकघरातून माझी बायको कस्तुराबाई म्हणाली, "अवं, पोरीच्या मागं लागू नका. तुमालाच तारंत गुंडाळून गड्ड्यात ठेवंल. आन् गिऱ्हाईक मिळायचं न्हाय, ते येगळंच."

गुरुवारी दिवेलागणीला काम संपलं. एका फळीवर खिळे मारून सगळं टांगलं. सहा-सहाच्या सात रांगा. कस्तुराबाईनं दिवा लावला. मी सवयीनं मोजलं. एकेचाळीस.

शेवटच्या खिळ्याला काळा खडा नव्हता. तार मात्र होती. ती खाली लोंबत होती, सुईसारखी सरळ.

खाटेखाली बघितलं, रिळांमागं बघितलं. सुकन्यानं दारावरचा पडदा बाजूला केला. थंडीचं म्हणून दाराला जुनी चादर लावली होती.

"हितं पडलाय बघा."

खडा उंबऱ्याबाहेर होता. कस्तुराबाईनं काढलेल्या रांगोळीच्या मधोमध. रांगोळी कुठं पुसली नव्हती.

"खिळ्यावरनं पडून घरंगळला असंल," सुकन्या म्हणाली.

"असंल."

मी ती तार दिव्याशी नेऊन बघितली. तांब्याची तार एकदा वळवली की वळवली. ओढून सरळ करता येते, पण वरच्या वार्निशला चीर पडते, ती जात नाही. माझ्या बोटांना ती चीर अंधारातही लागते. या तारेला चीर नव्हती. ती कधी वळवलीच नव्हती.

म्हणजे पोरीनं वेढे दिलेच नव्हते. कोरी तार टांगली असणार. दोन दिवसांत माणूस थकतं. मी तसं बोललो. ती म्हणाली, "अकरा वेढे दिलेत, आबा. तुमी मोजलेत."

मी मोजले होते.

खडा उचलताना शेजारी दोन कुसळं दिसली. माळावरच्या वाळल्या गवताची असतात तसली. आमच्या बोळात गवताची काडी उगवत नाही. केरसुणीचं काही असेल म्हणून मी ती बाहेर टाकली. सुकन्यानं खड्याला नव्यानं वेढे दिले. यावेळी मी शेजारी बसून बघितलं.

४

शुक्रवारी चार वाजता ती सामान घेऊन मैदानावर गेली. पाठीवर शाळेची जुनी बॅग, काखेत फळी. नवीन ओढणी घेतली होती. कस्तुराबाईनं तिच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. ती म्हणाली, "आज्जी, मी इकायला चाललीय, इकून घ्यायला न्हाय."

मी खाटेवर पडून राहिलो. अंधार पडायच्या वेळी पडद्याचा खालचा काठ हलल्यासारखा वाटला. मांजर असावं म्हणून उठलो. मांजर नव्हतं. उंबऱ्याबाहेर काळा खडा होता. उघडा. तारेशिवाय.

पोरगी विसरून गेली, असं म्हणून मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. खडा थंडगार होता. दवात राहिल्यासारखा.

नऊच्या सुमाराला सुकन्या आली ती उड्या मारतच.

"आबा, नऊ गेले! आन् पहिला कुठला गेला सांगा."

"कुठला?"

"काळा. अक्कलकोटकडचे एक काका हुते, बसप्पा म्हणून. पोरीसाठी घेतला. भावबी केला न्हाय. पाच वाजताच गेला."

खडा माझ्या खिशात होता. मांडीला गार लागत होता.

"चांगलं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जेवताना कस्तुराबाई म्हणाली, "आज हात का खिशात घालून बसलाय? घास कशानं खाणार?"

५

शनिवारी मी सुकन्याबरोबर मैदानावर गेलो. गोजाबाईनं मला बघून स्टूल दिलं, म्हणजे मान दिला.

"तात्या, तुमची नात तोंडाची तेज हाय. माज्या गिऱ्हाइकाला बांगडीबरुबर दगडबी लावती."

गर्दी बरी होती. पाळणे फिरत होते. चार जण भाव करून गेले, तीन जण घेऊन गेले. मग एक जाडसर माणूस आला. पांढरी टोपी, हातात कागदी डबी. हाच बसप्पा. तो चिडलेला नव्हता. त्याला काही उमजत नव्हतं.

"येनव्वा, पोरी, हे काय दिलंस? डबीत फक्त तार."

डबीत कापसावर तार होती. सरळ. मी हात लावला. चीर नव्हती.

"खडा पडला असंल, काका," सुकन्या म्हणाली.

"डबी बांधलेलीच होती. पोरीनं दोरा सोडला, आत हे."

मी खिशातून खडा काढून त्याच्यापुढं धरला. काढायला नको होता.

बसप्पानं खड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अरे. हा तर तुमच्याच खिशात. मग मला काय विकला, फोटो?"

गोजाबाईनं बांगड्या भरता भरता मान वर केली. सुकन्याचं तोंड लाल झालं. त्या पोरीला मी रडताना बघितलेलं नाही, तेव्हाही ती रडली नाही. पण फळीवरचे खडे उगाच सारखे करत राहिली.

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "थांबा." पिशवीतून जाड तार घेतली. तिथंच स्टुलावर बसून खड्याला तेरा वेढे दिले, पकडीनं पीळ दिला, टोक आत दाबलं. दातानं ओढून बघितलं.

"ह्यो घ्या. मी भरलेलं परत येत न्हाय."

बसप्पा हसला. "बघू की, आजोबा."

दिवस मावळायच्या आत मी घरी आलो. कस्तुराबाई भांडी घासत होती. बाहेरून कुणीतरी विचारलं, "आलं का?"

म्हातारा आवाज, बाईचा. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. दिवसभर बोळात हाच एक प्रश्न चालतो. कस्तुराबाईनं आतून उत्तर दिलं, "सकाळीच येऊन गेलं की वो."

पाणी सकाळी येऊन गेलं होतं. बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी पडदा सारला. बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्याशी खडा होता.

रविवारी बसप्पा पुन्हा आला. यावेळी त्यानं डबी टेबलावर ठेवली आणि हात मागं घेतला.

"पोरीनं काल गळ्यात घातलं होतं, आजोबा. दिवा लावायच्या वेळी म्हणाली, अप्पा, दोरा हलका झाला. बघतो तर तार लोंबतीय." तो जवळ आला आणि आवाज खाली केला. "त्याच वेळी दारात एक म्हातारी आली होती. आलं का, म्हणून विचारली. माझी बायको म्हणाली, काय? तर गेली."

सुकन्यानं त्याचे पैसे परत दिले. बसप्पा मोजून न घेता गेला.

गोजाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तात्या, माजं हितं वीस वर्षांचं नाव हाय. एकच वस्तू दोनदा परत आली. उद्या पोरीला पाठवू नका. संक्रांतीला पाठवा, पण काय असंल ते निस्तरून. न्हायतर फळी घरीच ठेवा."

गोजाबाईचं काही चुकलं नव्हतं. माझ्या दुकानात मीही तेच बोललो असतो.

६

सोमवारी भोगी. घरात तिळाच्या भाकरीचा आणि मिसळभाजीचा वास. फळीवर एकवीस उरले होते. काळा खडा मी रात्रीच स्टीलच्या डब्यात घालून डबा ट्रंकेत ठेवला होता. ट्रंकेला कुलूप. किल्ली करदोट्याला.

 साडेपाचला सुकन्या उठून फळीकडं गेली आणि तिथंच उभी राहिली.

एकवीस खिळ्यांना एकवीस तारा लोंबत होत्या. सरळ.

मी पडदा उचलला. उंबऱ्याबाहेर डाव्या हाताला खड्यांचा ढीग होता. खाली रुंद, वर टोकदार. बाजरीची रास घालतात तसा. टोकावर काळा खडा. ढीग असा घालणारा माणूस मी एकच बघितला होता.

सुकन्या उंबऱ्यावर बसली. "उद्या काय नेऊ, आबा? तारा?"

"बस. तुला एक सांगायचं हाय."

मी ढिगावरचा काळा खडा उचलला. 

"मी धा वर्षांचा हुतो. पौषच हुता. बाप तापानं पडला हुता, म्हणून मोजायला मी बसलो. मेंढरं आत गेली. एक खडा उरला. ह्योच, काळा."

"कुणाचा?"

"आमच्या वस्तीवर बनाबाई हुती. एकटी. तिचं एकच कोकरू, काळं, गळ्याला पांढरी पट्टी. आमच्या कळपात चरायला सोडायची. त्याचा ह्यो खडा. वारं सुटलं हुतं. मला भूक लागली हुती. मी खडा आत टाकला. बापाला म्हणालो, सगळी आली."

"मग?"

"मग भाकरी खाल्ली."

बोळातून एक स्कूटर गेली. 

"सकाळी बापाला कळलं. ताप अंगावर घिऊन तीन दिवस हिंडला. कोकरू घावलं न्हाय. तिला आमचं एक मेंढरू देत हुता. तिनं घेतलं न्हाय. माजंच पायजे म्हणाली. रोज दिवेलागणीला वाघरीपाशी यायची. आलं का, विचारायची. मी तितंच बसल्याला असायचो."

"तुमी सांगितलं न्हाय तिला?"

"न्हाय."

"आन् पणजोबा?"

"मला एक शब्द बोलला न्हाय. खडा तेवढा गाठीत बांधला."

आतून कस्तुराबाई म्हणाली, "लगीन झाल्यापासनं मला वाटतंयच, ह्या माणसानं कायतरी गिळलंय. आज भाईर पडलं."

सुकन्या माझ्याकडं बघत होती. "आबा, आठवीत मी एकदा खोटं बोलले तर तुमी दोन दिवस माज्याशी बोलला न्हाईत."

"व्हय."

"आन् तुमी स्वतः?"

"व्हय."

"ते आपण नंतर बघू." तिनं ओढणी कमरेला बांधली. "आता काय करायचं, ते सांगा."

"बाकीचं एकवीस इकायला आपलं हायत. ह्यो आपला न्हाय. इकायचा नव्हता. हे माजं देणं हाय." मी स्टूल दारात ओढलं. "ताट आण. आत बस. मी दीन ते ताटात घे. आन् मोज."

७

ढीग माझ्या डाव्या हाताला होता. पडदा सोडलेला. मी उंबऱ्याबाहेर, पोरगी आत. पडद्याच्या बाजूनं माझा हात आत जाईल एवढी फट ठेवली. कस्तुराबाईनं दिवा लावला आणि ती भांडी घासायला गेली. घासून झालेलीच भांडी होती.

बोळ नेहमीसारखा होता. कुणाचा तरी टीव्ही चालू होता. कुकरची शिट्टी झाली. मी स्वतःला सांगितलं, तात्याबा, तू म्हातारा झालास, दगड घेऊन दारात बसलास, लोक बघतील.

पडद्याचा खालचा भाग आत गेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर. कुणीतरी अंग घासून आत जावं तसा. मग परत सरळ झाला.

मी एक खडा उचलून आत दिला. टण्, ताट वाजलं.

"एक," सुकन्या म्हणाली. "आबा, वारं हाय."

"व्हय. मोज."

पडदा पुन्हा आत गेला. टण्. पुन्हा गेला. टण्. भिजल्या लोकरीचा वास आला. साठ वर्षांत तो वास मी घेतला नव्हता, पण नाक विसरलं नव्हतं. माझा हात आपोआप चालू लागला. मोटारीत तार घालताना चालायचा तसा. बोटाला कळत होतं.

सात-आठपर्यंत पोरगी हसत मोजत होती. बाराला तिचा आवाज बारीक झाला. पंधराला कस्तुराबाईची भांडी थांबली.

"आबा," सुकन्या हळूच म्हणाली, "वारं असतं तर दिवा हलला असता."

"मोज."

"एकवीस."

पडदा थांबला. मी वाट बघितली. तो हलला नाही.

माझ्या हातात काळा खडा होता. फट हाताच्या अंतरावर. नुसता हात आत घालायचा. दहा वर्षांचा होतो तेव्हाही अंतर एवढंच होतं. तेव्हाही भाकरीचा वास येत होता.

मी हात मागं घेतला. मोठ्यानं म्हणालो, "एक बाहेर हाय. बनाबाईचं."

"आबा, काठी," आतून आवाज आला, आणि फटीतून काठी बाहेर आली.

बोळाच्या टोकाला नळ आहे. तिथला दिवा गेलेला असतो. तिथवर पन्नास पावलं. गुडघे बोलत होते, मी त्यांना बोलू दिलं. नळापाशी उभा राहिलो आणि हाक घातली, बाप घालायचा तशी, जिभेनं र्र करून, मग ये, ये.   वरच्या मजल्यावरून एकानं वाकून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

अंधारातून बारीक बें झालं.

मग माझ्या नडगीला काहीतरी लागलं. ओलं, लोकरीचं. फार गार. थरथरत होतं. मी खाली बघितलं नाही. चुकलेलं जनावर आणताना त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, बुजतं, असं बाप सांगायचा. मी वळलो आणि चालू लागलो. मागून फरशीवर लहान खुरांचा टिकटिक आवाज येत होता. मी हळू चाललो. त्याला दमायला नको.

दाराशी आलो तेव्हा रांगोळीच्या पलीकडं दोन पाय दिसले. अनवाणी. टाचांना भेगा. लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली, एवढी की काठ दिसत नव्हता. त्याच्या वर मी नजर नेली नाही.

"आलं का?"

"आलं, बनाबाई," मी म्हणालो. "उशीर झाला."

पडदा खालून उचलला गेला. पुन्हा खाली आला.

सुकन्यानं फटीतून ताट पुढं केलं. तिचा हात स्थिर होता. मी खडा टाकला.

"बावीस," ती म्हणाली.

देणं फिटलं.